साक्ष अख्खी ठेवा: वाचलेल्यांच्या आठवणी जपणाऱ्या संस्थांना खुलं पत्र

प्रति,
युद्ध, वंशसंहार आणि छळ यांतून वाचलेल्या माणसांच्या साक्षी नोंदवणारी, जपणारी आणि लोकांसमोर मांडणारी सर्व संग्रहालयं, अभिलेखागारं, आयोग आणि न्यायालयं यांचे विश्वस्त व अधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, तुमच्याकडच्या साक्षी दिवसेंदिवस आखूड होत चालल्या आहेत. चार तासांची मुलाखत कपाटात पडून राहते आणि लोकांपर्यंत पोचतात त्यातली अडीच मिनिटं. ती अडीच मिनिटं निवडताना कुणाला अश्रू हवे असतात, कुणाला आशा, कुणाला तारीख आणि ठिकाण, तर कुणाला शाळेच्या एका तासात बसेल एवढा उतारा. प्रत्येकाची गरज खरी असते, हे मला मान्य आहे. पण सांगणाऱ्याला काय सांगायचं होतं, हा प्रश्न या गरजांच्या रांगेत सगळ्यात मागे उभा असतो आणि बहुतेक वेळा त्याचा नंबर लागतच नाही. माझी मागणी एवढीच आहे: साक्ष अख्खी ठेवा, आणि ती देणारं माणूस हयात आहे तोवर तिच्यावर त्याचा हक्क चालू द्या.

मी इतिहासकार नाही, वकीलही नाही. ध्वनिमुद्रित मुलाखती ऐकून त्या शब्दशः कागदावर उतरवणं हे माझं काम. हेडफोन लावून एकेक वाक्य मागेपुढे करत ऐकावं लागतं. त्यामुळे तयार चित्रफितीत जे कापलं जातं ते सगळं माझ्या कानावरून जातं. खुर्ची सरकल्याचा आवाज, मध्येच बदललेली भाषा, तीन वेळा सुरू करून तिन्ही वेळा अर्धवट सोडलेलं वाक्य.

अशीच एक मुलाखत. बाईंची ओळख पटू नये म्हणून युद्ध कुठलं, नदी कुठली हे लिहीत नाही. रात्री नदी ओलांडल्याचं त्या सांगत होत्या. सगळं सलग चाललं होतं: पाणी किती थंड होतं, पुढे कोण होतं, मागे कोण. मग त्या धाकट्या भावापाशी आल्या. "मी त्याचा हात..." एवढं म्हणाल्या आणि थांबल्या. कापडाची सळसळ ऐकू येते, पेला मेजावर ठेवल्याचा आवाज येतो, श्वास येतो. बराच वेळ गेल्यावर मुलाखत घेणारी व्यक्ती अगदी मायेनं विचारते, "पलीकडे पोचलात तेव्हा कसं वाटलं?" बाई म्हणतात, "बरं वाटलं." त्यानंतर संपूर्ण मुलाखतीत त्या भावाचा उल्लेख पुन्हा येत नाही. त्या संस्थेनं पुढे जो तुकडा प्रसिद्ध केला त्यात नदी होती, "बरं वाटलं" होतं आणि पार्श्वभूमीला हळुवार संगीत होतं. भाऊ नव्हता. विचारणाऱ्याच्या मनात खोट नव्हती, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्या शांततेचं काय करायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि संस्थेला पलीकडचा काठ हवा होता.

हे असंच व्हायला हवं असं मुळीच नाही. या कामाची सुरुवात ज्यांनी केली ते आपल्यापेक्षा कितीतरी हलाखीत आणि कितीतरी प्रामाणिकपणे काम करत होते.

१९४६ च्या जुलैत शिकागोतले मानसशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड बोडर एक अवजड यंत्र घेऊन पॅरिसला उतरले. ते यंत्र बारीक पोलादी तारेवर आवाज टिपायचं. पुढच्या काही आठवड्यांत फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली आणि जर्मनीत फिरून त्यांनी सव्वाशेच्या आसपास निर्वासितांच्या मुलाखती घेतल्या. नाझींच्या छळछावण्या उघडून जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. काय झालं ते कसं सांगावं याचा कुठलाही साचा तेव्हा तयार नव्हता. सांगणाऱ्यांपाशी नव्हता आणि ऐकणाऱ्यांपाशीही नव्हता. बोडरनी प्रत्येकाला त्याला जमेल त्या भाषेत बोलू दिलं. यिडिश, पोलिश, जर्मन, रशियन, आणखीही काही. ते स्वतः काही आदर्श मुलाखतकार नव्हते. मध्येच अडवतात, कळलं नाही की पुन्हा विचारतात, कधी कधी तर विश्वास न बसल्यासारखं विचारतात. पण हे सगळं तारेवर आहे. त्यांचा अवघडलेपणा आहे, समोरच्याचा वैतागही आहे. त्यांनी काही पुसलं नाही. १९४९ साली त्यातल्या फक्त आठ मुलाखती पुस्तकरूपानं बाहेर आल्या, पण बाकीच्या टाकून दिल्या गेल्या नाहीत, म्हणून आज कुणालाही त्या मूळ आवाजात ऐकता येतात. फ्रान्समधल्या एनोंव्हिल इथल्या निर्वासितांनी गायलेल्या गाण्यांचं एक रीळ मात्र हरवलं होतं. सुमारे सत्तर वर्षांनी ते अमेरिकेतल्या ॲक्रन विद्यापीठाच्या संग्रहात सापडलं. डबीवर गावाचं नाव चुकीचं लिहिलेलं होतं, एवढंच. एका चुकीच्या चिठ्ठीमुळे ती गाणी माणसाच्या आयुष्याएवढा काळ मुकी राहिली. तुमच्या संग्रहात अशा किती डब्या आहेत, हा प्रश्न तुम्हाला टोचायला हवा.

त्याच्याही आधीचं सांगते. वॉर्सातल्या ज्यू वस्तीभोवती भिंत उभी राहिली त्याच वर्षी, म्हणजे १९४० च्या नोव्हेंबरात, इमान्युएल रिंगेलब्लुम या इतिहासकारानं काही सहकारी जमवून एक गुप्त अभिलेखागार सुरू केलं. बैठका शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या शाब्बात या विश्रांतीच्या दिवशी होत, म्हणून त्या गटाला 'ओनेग शाब्बात' (शाब्बातचा आनंद) हे नाव पडलं. त्यांनी काय काय जमवलं पाहा: जबान्या, रोजनिशा, मुलांचे शाळेतले निबंध, शिधापत्रिका, ट्रामची तिकिटं, खाऊच्या गोळ्यांच्या वेष्टनाचे कागद. हे महत्त्वाचं आणि ते किरकोळ, असा निवाडा करण्याचा हक्क त्यांनी स्वतःकडे घेतलाच नाही. पुढे कोण काय विचारील हे आपल्याला ठाऊक नाही, म्हणून सगळं ठेवायचं, ही त्यांची रीत. १९४२ च्या जुलै अखेरीस वस्तीतून ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे गाड्या सुटू लागल्या आणि ऑगस्टच्या सुरुवातीला नोवोलिप्की रस्त्यावरच्या एका शाळेच्या तळघरात दहा पत्र्याच्या पेट्या पुरण्यात आल्या. पुरणाऱ्यांत एकोणीस वर्षांचा डेव्हिड ग्राबर होता. जगाला ओरडून सांगता आलं नाही ते आम्ही जमिनीत पुरलं, अशा अर्थाचं त्यानं लिहून ठेवलं आणि तोही कागद त्याच पेट्यांत गेला. पेट्या १९४६ च्या सप्टेंबरात सापडल्या. आत पाणी शिरलं होतं. दुधाच्या दोन धातूच्या कॅनमधला दुसरा भाग १९५० च्या डिसेंबरात सापडला. तिसरा भाग आजवर सापडलेला नाही. त्या गटात पाचपन्नास माणसं होती, युद्धानंतर उरली तीन. रिंगेलब्लुम १९४४ च्या मार्चमध्ये मारले गेले.

उरलेल्या तिघांत राशेल आउअरबाख होत्या. पेट्या शोधून काढा म्हणून युद्धानंतर त्या सतत मागे लागल्या होत्या. १९५४ मध्ये जेरुसलेमच्या याद वाशेम या संस्थेत वाचलेल्यांच्या साक्षी गोळा करणारा विभाग त्यांनी उभा केला. तेव्हा अनेक अभ्यासकांचा कल जर्मन कागदपत्रांकडे होता; वाचलेल्यांचं बोलणं भावनेनं भरलेलं, म्हणून दुय्यम. नाझी नेत्यांवरचा न्युरेम्बर्गचा खटलाही मुख्यतः कागदांवर उभा होता. १९६१ मध्ये नाझी अधिकारी आइशमन याच्यावरच्या खटल्यात शंभरावर साक्षीदार उभे राहिले तेव्हा हे चित्र पालटलं. त्यामागे आउअरबाख यांच्यासारख्यांची वर्षानुवर्षांची चिकाटी होती.

आता मुद्दा खऱ्याखोट्याचा. तुमच्यापैकी अनेकांना साक्ष अख्खी ठेवायची भीती वाटते, कारण त्यात चुका असतात. तारीख चुकते, गावांचा क्रम उलटतो, आकडा फुगतो. नाकारणारे लोक अशा चुकांवर टपून बसलेले असतात, हेही खरं. म्हणून संकलन करताना चूक दिसली की तो भागच वगळायचा, असा प्रघात पडला आहे.

याबाबत एक प्रसंग या क्षेत्रात सर्वांना माहीत आहे, तरी पुन्हा सांगते. १९७९ मध्ये न्यू हेवन इथे वाचलेल्यांच्या साक्षी चित्रित करायला सुरुवात झाली, तोच संग्रह पुढे येल विद्यापीठात गेला. तिथे एका बाईंनी ऑशविट्झच्या छळछावणीतल्या कैद्यांच्या ७ ऑक्टोबर १९४४ च्या उठावाबद्दल सांगितलं. एरवी खालच्या आवाजात बोलणाऱ्या त्या बाई एकदम उजळून म्हणाल्या की, प्रेतं जाळण्याच्या भट्ट्यांची चार धुराडी उडाली, ज्वाळा आकाशात गेल्या, माणसं पळत सुटली. नंतर इतिहासकारांच्या बैठकीत आक्षेप आला: धुराडी चार नव्हती, एकच होतं, मग या साक्षीवर विसंबायचं कसं? ती मुलाखत घेणारे मनोविश्लेषक डोरी लाउब स्वतः लहानपणी त्या छळातून वाचलेले होते. त्यांचं उत्तर असं की, बाई धुराड्यांची संख्या सांगायला आल्याच नव्हत्या. जिथे कुणी हात उचलू शकेल असं स्वप्नातही येत नव्हतं तिथे तो उचलला गेला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि तेच त्या सांगत होत्या.

मला लाउब यांचं म्हणणं पटतं, पण त्याला एक पुस्ती जोडावीशी वाटते. इतिहासकारांचा आक्षेपही साक्षीसोबत ठेवावा. धुराडं एकच होतं, हे लिहा. त्या उठावासाठी शेजारच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून चिमूटचिमूट दारू चोरून आणण्यात सामील असलेल्या चार तरुणींना १९४५ च्या जानेवारीत, छावणी रिकामी होण्याच्या काही दिवस आधी फाशी दिलं, हेही लिहा. दोन्ही शेजारी ठेवलं की वाचणाऱ्याला स्मृती कशी चालते आणि घटना कशी घडली, दोन्ही कळतं. चूक कापून टाकली तर बाईंचं ते उजळणंही कापलं जातं. टीप लिहायला एक ओळ लागते. ती लिहायचा कंटाळा करू नका.

निर्वासितांच्या अर्जांवर निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यांनीही हे वाचावं अशी इच्छा आहे, कारण तिथे चुकीची किंमत माणसाला जिवानिशी मोजावी लागू शकते. पहिल्या जबानीत एक, दुसऱ्या जबानीत वेगळंच, म्हणजे माणूस खोटारडा, असा हिशेब तिथे सर्रास मांडला जातो. बोस्निया आणि कोसोव्होतून आलेल्या निर्वासितांशी दोनदा बोलून केलेला एक अभ्यास २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना खोटं बोलायचं काही कारण नव्हतं, तरी दोन्ही वेळच्या तपशिलांत फरक पडत होता. मुख्य घटनेभोवतीच्या बारीकसारीक तपशिलांत तो जास्त होता, आणि आघाताचा त्रास ज्यांना अधिक, त्यांच्याबाबतीत दोन मुलाखतींमधला काळ लांबला की तो वाढत होता. म्हणजे ज्याला सर्वाधिक भोगावं लागलं, तोच कागदावर सर्वाधिक संशयास्पद दिसतो.

आणि कागद तरी नेहमी खरा असतो का? कंबोडियात ख्मेर रूज राजवटीच्या एस-२१ या तुरुंगात हजारो कैद्यांकडून कबुलीजबाब लिहून घेतले गेले. नाव, तारीख, सही, सगळं काटेकोर. आपण परदेशी हेरखात्यांचे हस्तक आहोत असं त्या कागदांवर माणसांनी आपल्याच हातानं लिहिलंय, कारण लिहीपर्यंत मारहाण थांबत नव्हती. दप्तर म्हणून पाहिलं तर व्यवस्थित, आणि आतला मजकूर जवळपास सगळा खोटा. तिथून जिवंत निघालेल्या मोजक्या माणसांत व्हान नाथ हे चित्रकार होते. राजवटीचा प्रमुख पोल पॉट याची चित्रं काढून घ्यायची होती म्हणून त्यांना ठेवलं होतं. चुम मेय यंत्रं दुरुस्त करायचे, म्हणून वाचले. तुरुंगाचा प्रमुख डुच याच्यावरच्या खटल्यात २००९ मध्ये हे दोघं उभे राहून बोलले. त्या खोट्या कागदांचा अर्थ लावायला त्यांचं बोलणं लागलं.

जे विचारलं जात नाही ते नोंदवलंही जात नाही, हा दुसरा दोष. रवांडातल्या १९९४ च्या वंशसंहाराबद्दल टाबा गावचा महापौर जाँ-पॉल अकायेसू याच्यावर आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात खटला चालला. मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखच नव्हता. १९९७ मध्ये साक्ष सुरू असताना एका बाईनं आपल्या सहा वर्षांच्या मुलीवर झालेल्या अत्याचाराबद्दल सांगितलं. तपास करणाऱ्यांनी तिला त्याबद्दल कधी विचारलंच नव्हतं. तीन न्यायाधीशांत नवी पिल्ले या एकट्या स्त्री होत्या. त्यांनी तो धागा सोडला नाही. आणखी बायका बोलल्या, जूनमध्ये आरोपपत्र बदललं आणि २ सप्टेंबर १९९८ च्या निकालात बलात्कार हे वंशसंहाराचं कृत्य ठरू शकतं, हे एका आंतरराष्ट्रीय न्यायालयानं पहिल्यांदा मान्य केलं. प्रश्नावलीत तो रकाना नव्हता म्हणून हे सगळं राहून जाणार होतं.

आपल्या उपखंडाचंही तेच. फाळणीत पळवल्या गेलेल्या बायकांना परत आणण्यासाठी १९४९ मध्ये भारतात कायदा झाला. किती आणल्या याचे आकडे दप्तरी लागले. जायचंय की राहायचंय, हे ठरवण्याचा हक्क कायद्यानं त्या बायकांना दिला नाही. त्यांच्या तोंडून त्यांची हकीकत ऐकायला कुणीतरी बसेपर्यंत चाळीस-चाळीस वर्षं गेली आणि बऱ्याच जणी तोवर गेल्या होत्या.

उशीर झाला म्हणून साक्ष शिळी होत नाही. कोरियातल्या किम हाक-सुन १४ ऑगस्ट १९९१ रोजी आपलं नाव आणि चेहरा न लपवता बोलल्या तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. जपानी सैन्यानं त्यांच्यावर जी लैंगिक गुलामगिरी लादली होती तिला पन्नास वर्षं होत आली होती. त्या बोलल्या आणि अनेक देशांतल्या बायकांना वाचा फुटली. म्हणून 'आता फार उशीर झाला, हा प्रकल्प बंद' असं जेव्हा तुमच्यापैकी कुणी म्हणतं, तेव्हा मला राग येतो.

पण बोलायला लावणं आणि बोलू देणं यात अंतर आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये इराकमधल्या सिंजारमध्ये यझिदी या अल्पसंख्याक समाजावर इस्लामिक स्टेटनं हल्ला केला. कैदेतून सुटून आलेल्या बायका-मुलींकडे आधी पत्रकार आले, मग स्वयंसेवी संस्था, मग तपास पथकं, मग संशोधक, मग पुन्हा पत्रकार. एकाच मुलीनं तीच हकीकत पुन्हा पुन्हा सांगायची, दर वेळी नव्या माणसाला, दर वेळी पहिल्यापासून. त्यांच्यातल्याच नादिया मुराद यांनी स्वतः हे सोसलं आहे. २०१८ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या नावानं एक आचारसंहिता जाहीर झाली. तिचा गाभा असा: वाचलेल्या व्यक्तीच्या मर्जीनं चाला, माहिती खरंच हवी आहे का हे आधी स्वतःला विचारा, आधीच कुणी नोंदवली असेल तर तीच वापरा. ही संहिता तुमच्यापैकी कितीजणांनी आपल्या मुलाखतकारांना वाचायला दिली आहे?

ग्वाटेमालातलं उदाहरण मला अजून सलतं. २०१३ मध्ये माजी हुकूमशहा रिओस माँट यांच्यावरच्या खटल्यात इशिल माया या आदिवासी समाजातल्या बायका शालीनं चेहरा झाकून न्यायालयात बोलल्या. आपल्या गावासमोर, देशासमोर त्या बलात्काराबद्दल बोलल्या. १० मे रोजी ऐंशी वर्षांची शिक्षा झाली. दहा दिवसांनी, २० मे रोजी, घटनात्मक न्यायालयानं कामकाजातल्या त्रुटीवरून तो निकाल रद्द केला. बायकांनी सांगितलेलं एकही वाक्य खोटं ठरलं नव्हतं, तरी सगळं पुन्हा. २०१८ मध्ये रिओस माँट वारले. शिक्षा अखेर राहून गेली.

साक्ष घेऊन झाल्यावर काय, हा प्रश्न तर कुणी स्वतःला विचारताना दिसत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि सलोखा आयोगाची पहिली सुनावणी १९९६ च्या एप्रिलमध्ये ईस्ट लंडन इथे झाली. मारल्या गेलेल्या वर्णभेदविरोधी कार्यकर्त्याच्या पत्नी नोमोंडे कलाटा बोलता बोलता मागे झुकून किंचाळल्या. तो आवाज त्या देशानं ऐकला आणि आजही लोक त्याची आठवण काढतात. आयोगाकडे एकवीस हजारांहून अधिक निवेदनं आली, त्यांतल्या साधारण दहापैकी एकालाच जाहीरपणे बोलायला मिळालं. आयोगानं पीडितांना सहा वर्षं वार्षिक रक्कम देण्याची शिफारस केली होती. सरकारनं २००३ मध्ये एकदाच तीस हजार रँड देऊन विषय संपवला. ती किंचाळी सगळ्यांना हवी होती; तिच्या मागून येणारी जबाबदारी घ्यायला मात्र कुणी पुढे आलं नाही.

भाषेचा प्रश्न थोडक्यात मांडते. जर्मनीत कोब्लेन्झ इथे सीरियातल्या सरकारी छळाबद्दल पहिला मोठा खटला चालला आणि १३ जानेवारी २०२२ रोजी तिथला माजी गुप्तचर अधिकारी अन्वर रसलान याला जन्मठेप झाली. साक्षीदार सीरियन, पीडित सीरियन, आणि प्रेक्षकांत बसलेल्या सीरियन लोकांना सुरुवातीला कामकाज अरबीत ऐकायची सोय नव्हती. २०२० मध्ये घटनात्मक न्यायालयानं सांगितल्यावर मान्यताप्राप्त पत्रकारांना दुभाष्याचं बोलणं ऐकू देण्यात आलं. ज्यांच्यावर बेतलं त्यांच्याच लोकांना ती साक्ष कळत नसेल, तर ती कुणासाठी घेतली?

शेवटी ज्या गोष्टीमुळे हे पत्र आत्ता लिहिते आहे तिच्याकडे येते. २०२४ च्या सुरुवातीला होलोकॉस्टमधून वाचलेले सुमारे २,४५,००० ज्यू जगभरात हयात होते. बहुतेक ऐंशीच्या पुढचे, आणि त्या वेळी अगदी लहान असलेले. साक्षीदार संपत आले म्हणून तुमच्यापैकी काहीजण यंत्राकडे वळले आहेत. अशा साक्षी जपणाऱ्या अमेरिकेतल्या शोआ फाउंडेशन या संस्थेनं पिंकस गुटर यांच्यासारख्या वाचलेल्यांना शेकडो प्रश्न विचारून उत्तरं चित्रित केली आहेत. कुणी प्रश्न विचारला की यंत्र त्यातलं जवळचं उत्तर शोधून दाखवतं. याला माझी हरकत नाही. तिथलं प्रत्येक वाक्य त्या माणसानं स्वतः, विचार करून, कॅमेऱ्यासमोर उच्चारलेलं आहे.

माझी हरकत पुढच्या पायरीला आहे. मेलेल्या साक्षीदाराचा आवाज घेऊन त्याच्या तोंडी नवी वाक्यं घालणं. जुन्या मुलाखतींवर कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्र पोसून 'ती काय म्हणाली असती' हे तयार करणं. थरथरता आवाज गुळगुळीत करणं, थांबे काढून टाकणं, रंग भरणं. २०२५ मध्ये ऑशविट्झच्या स्मारकाला लोकांना जाहीर इशारा द्यावा लागला की समाजमाध्यमांवर बळींची म्हणून फिरणारी काही छायाचित्रं यंत्रानं बनवलेली आहेत, त्यातली माणसं कधी जन्मलीच नव्हती. ज्यांना हे सगळं घडलंच नाही असं म्हणायचं आहे, त्यांच्या हाती याहून सोयीचं काय लागणार? बाहेरच्यांनी केलेली बनावट आपण थांबवू शकू की नाही, सांगता येत नाही. पण तुमच्या दारातून ती निघता कामा नये. तुमच्या शिक्क्यानिशी एक जरी न बोललेलं वाक्य बाहेर पडलं, तरी बोललेली सगळी वाक्यं संशयात येतील. इथे मध्यममार्ग मला दिसत नाही.

तर तुम्ही काय करावं?

तुमची संमतीपत्रं काढून वाचा. बहुतेकांत 'जगात कुठेही, कोणत्याही माध्यमात, कायमस्वरूपी' असे शब्द आहेत. नव्वदच्या दशकात त्यावर सही करणाऱ्या आजीला आपला आवाज यंत्राला शिकवायला वापरला जाईल याची कल्पना असणं शक्यच नव्हतं. त्या सहीचा आधार घेऊ नका. जे हयात आहेत त्यांना फोन करा, सर्वात वयस्कर असतील त्यांच्यापासून सुरुवात करा, आणि नव्यानं विचारा: हे असं वापरलं तर चालेल का, काही काढायचंय का, काही घालायचंय का. जे गेले त्यांच्या साक्षीतून एकही नवं वाक्य बनवलं जाणार नाही, असं लेखी जाहीर करा.

जो तुकडा दाखवाल त्यासोबत पूर्ण मुलाखत कुठे ऐकायला मिळेल ते लिहा. जिवाला धोका किंवा बदनामीची भीती असेल तिथे अर्थातच बंद ठेवा, पण ते बंद ठेवायचं की नाही हे साक्ष देणाऱ्याला ठरवू द्या. लेखी प्रतीत थांबे, अर्धी वाक्यं, मुलाखतकाराचे प्रश्न, सगळं राहू द्या. मूळ भाषेतली प्रत ही मुख्य प्रत धरा, आणि ती त्या माणसाच्या कुटुंबापर्यंत, त्याच्या गावापर्यंत पोचवा. डब्यांवरच्या चिठ्ठ्या तपासायला माणसं नेमा. त्यांना पगार द्या. हे काम उत्साही विद्यार्थ्यांवर फुकटात सोडण्यासारखं नाही. आणि मुलाखतकारांच्या प्रशिक्षणात गप्प बसायला शिकवा, कितीही अवघड वाटलं तरी.

नदीवरच्या त्या बाईंची मूळ ध्वनिफीत अजून शाबूत आहे, एवढं मला ठाऊक आहे. कपाटातून काढायला कुणाची परवानगी लागते, तेही तुम्हाला ठाऊक आहे.

कळावे. उत्तराची वाट पाहते आहे.

आपली,
साक्षी कागदावर उतरवणारी एक